आडात आले ते पोहऱ्यात

रहिमतपूरला मी गेलो तो एका तांब्यापायी. प्रवासाविषयी लिहू पाहणाऱ्या माणसाने एखादा गड, एखादे लेणे, गेला बाजार एखादे थंड हवेचे ठिकाण तरी गाठावे अशी रीत आहे. माझ्या वाट्याला फिरकीचा तांब्या आला.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी भाऊबीजेला मामा पुण्याला येऊ शकले नाहीत. त्यांच्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. आईचे वय चौऱ्यांशी. तिच्याने आता गाडीचा प्रवास होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली, तिच्यातून एक जुना पितळी फिरकीचा तांब्या काढला, चिंच लावून तो लखलखीत घासला आणि माझ्यापुढे ठेवला.

“तूच जाऊन ये,” ती म्हणाली. “मामाला फराळाचा डबा दे. आणि येताना आमच्या आडाचं पाणी एवढं तांब्याभर आण.”

“अगं, पाणी कशाला? घरात फिल्टर आहे की!”

“फिल्टरच्या पाण्याला चव असते होय रे?”

यावर काय बोलणार? लग्न होऊन आई या घरात आली त्याला साठांहून अधिक वर्षे झाली. इतकी वर्षे ती पुण्याचे पाणी पीत आली. तहान मात्र माहेरचीच राहिली होती. मी तांब्या पिशवीत घातला आणि कोल्हापूरकडे जाणारी पॅसेंजर धरली.

या मार्गाने ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना त्याची गंमत ठाऊक आहे. जेजुरी मागे पडते, नीरा येते, लोणंदला चहा होतो, आदर्कीच्या घाटात गाडी दमते आणि वाठारला जरा श्वास घेते. रस्त्याने मोटारी धावू लागण्यापूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक याच वाठारला उतरत. पुढे सातारा नावाचे स्टेशन येते. पण सातारा काही येत नाही, तो दूर डोंगराच्या कुशीत राहतो. मग कोरेगाव, आणि त्यानंतर रहिमतपूर. दिवाळीनंतरचे दिवस. दोन्ही अंगांना ऊस उभा होता, मधूनमधून आल्याचे हिरवेगार वाफे होते, आणि उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. लहानपणी या वासाबरोबर पोटात एक आनंदाचा गोळा उठत असे. तो याही वयात उठला, हे नमूद केले पाहिजे.

रहिमतपूर हे कमंडलू नदीकाठचे बाजाराचे गाव. तालुका कोरेगाव, पण थाट तालुक्याहून कमी नाही. नगरपालिका दीडशे वर्षांहून जुनी आहे. नाटककार वसंत कानेटकर १९२० साली याच गावी जन्मले, ही गोष्ट गावातला कोणीही माणूस तुम्हांला दुसऱ्या वाक्यात सांगेल. मामांचे घर मात्र गावात नव्हे, तिथून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात आहे. त्या खेड्याचे नाव मी सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल.

वडापची जीप भरायला वेळ होता, म्हणून मी हत्तीची मोट पाहून आलो. विजापूरच्या मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत (१६२७ ते १६५६) रणदुल्लाखान नावाचा बडा सरदार होऊन गेला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा मकबरा आणि एक मशीद येथे आहे. त्यांच्याजवळच सुमारे पन्नास फूट उंचीचा एक दगडी मनोरा उभा आहे. त्याच्या पश्चिमेला लांबच लांब उतार बांधलेला आहे. या उतारावरून हत्ती चालायचा आणि मोटेचे पाणी वर चढायचे. वरच्या हौदातून ते मशिदीच्या कारंज्याला जायचे. आपल्याकडे बैलांच्या मोटा पुष्कळ झाल्या, पण मोटेला हत्ती जुंपण्याची ऐट रहिमतपुरानेच करावी!

लहानपणी मामा आम्हां मुलांना येथे घेऊन येत. प्राथमिक शाळेत जन्म गेलेला माणूस. ते विचारत, “हत्तीनं पाणी वर चढवलं. आता सांगा, त्याला स्वच्छ कोण ठेवी?” आम्ही म्हणायचो, “हत्ती!” मामा हसून हसून पुरेवाट होत. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला मला पन्नास वर्षे लागणार होती.

मामांच्या दारात पाय ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. सोप्यात मामा गुडघ्याला तेल चोळून घेत बसले होते. मामी माजघरातून बाहेर आल्या. डबा हाती घेतला, आईची खुशाली विचारली. मी तांब्या पुढे केला आणि आईचा निरोप सांगितला. मामांचा चेहरा असा खुलला की गुडघा जणू दुसऱ्या कोणाचा!

“पाहिलंस?” ते मामींना म्हणाले. “पुण्यात राहूनसुद्धा अक्कांना आपलाच आड आठवतो!”

या आडाचे मामांना केवढे कौतुक! परसात काळ्या दगडांत बांधलेला, तीन पुरुष खोल, वर लाकडी रहाट. बहात्तरच्या दुष्काळात सारे गाव पाण्यासाठी वणवण करीत होते तेव्हाही हा आड आटला नाही, आणि मामांच्या वडिलांनी तो साऱ्या आळीला मोकळा केला. घरात नळ आलेला आहे. पण नळाचे पाणी सांडायला आणि आडाचे पिण्याला, हा मामांचा नियम.

आडाखालोखाल मामांचे दुसरे कौतुक म्हणजे २०१६ सालचे श्रमदान. त्या वर्षी पानी फाउंडेशनने गावागावांत पाणी अडवण्याची पहिली स्पर्धा घेतली. राज्यातले तीनच तालुके तिच्यात होते : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. रहिमतपूरच्या परिसरातले वेळू हे गाव तीत सर्वांत पहिले आले आणि पन्नास लाखांचे बक्षीस घेऊन गेले. भर उन्हाळ्यात गावेच्या गावे माळावर लोटली होती. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, बांध घालायचे, ओढ्यांना अडवायचे. पावसाने धावू नये, चालावे, आणि चालून चालून जमिनीत मुरावे, एवढीच त्यातली युक्ती. मामा तेव्हा सत्तरीला टेकले होते. कुदळ त्यांच्याने उचलवत नव्हती. ते चराच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना शिकवत, “इथं जिरलेला थेंब तिथं खाली आडात उगवतो. पाणी जमिनीखालून चालतं रे!” हे वाक्य त्यांनी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा म्हटले की पोरे त्यांना ‘थेंबगुरुजी’ म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन परसात गेलो. तेथे मामांची सूनबाई उभी होती. तिच्या हातात बोटभर उंचीची एक काचेची बाटली होती.

“दादा, तांब्या भरायच्या आधी एवढी बाटली भरू द्या.”

ही काय भानगड, म्हणून मी विचारले. तेव्हा कळले की गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवले आहे. जलजीवन मिशनमध्ये तशी सोयच आहे. त्यांच्याजवळ एक पेटी असते. पाण्यात क्लोरिन उरले आहे की नाही, क्षार किती, नायट्रेट किती, हे त्या थेंब टाकून आणि रंग ताडून पाहतात. या बाटलीचे शास्त्र आणखी सोपे. आत औषध लावलेली एक पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, बूच घट्ट लावायचे, हलवायचे आणि उबेच्या जागी एक-दोन दिवस ठेवून द्यायचे. पाणी आपल्या रंगावर राहिले तर ठीक. काळे पडले तर समजावे की त्यात मैल्याचे जंतू शिरले आहेत.

“आतापर्यंत आम्ही गावाच्या टाकीचं आन् नळाचंच पाणी बघायचो,” ती हळूच म्हणाली. “यंदा घरोघरचे आड घ्यायचे ठरलंय. दुसऱ्याच्या आडावर जायचं तर पहिल्यांदा आपला तपासला पाहिजे. न्हाईतर बायका तोंडावर बोलतील.”

मामा रहाटाला टेकून ऐकत होते. “घे बाई, घे!” ते मोठ्या दिलदारीने म्हणाले. “तुझ्या बाटलीचंच सोनं होईल!”

बाटली भरली गेली आणि माजघरातल्या देवळीत, समईच्या उबेला ठेवली गेली. तिचा निकाल लागेपर्यंत तांब्या भरायचा नाही असे सूनबाईने नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. मला दोन दिवसांची सक्तीची सुटी मिळाली.

ती सुटी कारणी लावावी म्हणून मामेभावाने मला मोटारसायकलवर घेतले आणि कृष्णाकाठी अंगापूरला नेले. चाफळच्या राममंदिरातली मूर्ती समर्थ रामदासांना येथल्याच डोहात सापडली, अशी परंपरा सांगतात. काठावर बसलो. पाणी संथ होते. पलीकडच्या तीरावर विजेचे पंप एका सुरात गुरगुरत होते आणि नदीचे पाणी नळांतून उसाकडे चालले होते.

नदीकाठी बसले म्हणजे माणसाला वरचे आणि खालचे दोन्ही दिसू लागते. वर महाबळेश्वर, तेथे ही निघते. धोमच्या धरणात विसावते, वाईच्या घाटांवरून येते. वाईला तर तिचा उत्सव भरतो, ती तेथे नदी नसून कृष्णाबाई असते. माहुलीला तिला वेण्णा भेटते. कोरेगावची तिळगंगा, रहिमतपूरची कमंडलू, अशा लहान लहान लेकी आपापले तांबे हिच्यातच रिकामे करतात. खाली कऱ्हाडला कोयना येते, मग सांगली, मग नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. प्रत्येक गावाला वाटते की नदी आपल्यापासून सुरू होते. खरे पाहता प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली असते आणि कोणाच्या तरी वर.

या पाण्याच्या वाटणीसाठी १९६९ साली बच्छावत लवाद बसला. १९७३ साली त्याने निवाडा दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. पुढे दुसराही लवाद झाला. कोणाला किती, यावर मोठमोठे कायदेपंडित वर्षानुवर्षे भांडले, आणि भांडावे अशीच ती गोष्ट आहे. योगायोग असा की त्याच १९६९ साली महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, आणि सप्टेंबर १९७० मध्ये त्यासाठी मंडळही स्थापन झाले. म्हणजे पाणी किती आणि पाणी कसे, हे दोन प्रश्न आपण एकाच वर्षी हाती घेतले. पहिल्याचे आकडे पाठ झाले. दुसऱ्याचे काय झाले?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे दूषित पट्टे मोजले. ते निघाले ३५१, आणि त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात. कृष्णा आणि पंचगंगा ही दोन्ही नावे त्या यादीत होती. २०२२ साली पुन्हा मोजले तेव्हा देशातले पट्टे ३११ वर उतरले. आपले मात्र ५५ झाले. दोन्ही वेळी पहिला नंबर आपलाच. कारखान्यांचे सांडपाणी हे एक कारण आहेच, आणि ते सर्वांना दिसते. पण मोठा वाटा असतो तो गावांच्या आणि शहरांच्या मैल्याचा, आणि तो कोणालाच आपला वाटत नाही. सांगलीच्या शेरीनाल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. वरून आलेले पाणी खालच्यांनी प्यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. याच खोऱ्यातले कऱ्हाड २०२० साली एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत स्वच्छतेत देशात पहिले आले, आणि पुढच्याच वर्षी, २०२१ साली, तो मान विट्याने मिळवला. गणपतीच्या दिवसांत मूर्ती आणि निर्माल्य नदीत न टाकता दान करा, असे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सांगायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवले! आज निर्माल्याचा कलश दिसला नाही तर लोकच विचारतात.

हे सारे मी मामेभावाला मोठ्या तावातावाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “चल, बाटली बघायला पायजे.”

बाटली काळी झाली होती.

करडी नाही, धुरकट नाही, काजळीसारखी काळी. सूनबाईने ती देवळीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि काही न बोलता आत गेली. मामा आले. त्यांनी चष्मा पुसला, बाटली उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“बाटलीच खराब असंल,” ते म्हणाले. “कंपनीचा माल.”

“नळाच्या पाण्याची बाटली त्याच खोक्यातली,” मामी म्हणाल्या. “ती न्हाई काळी झाली.”

“मग पोहरा घाण असंल.”

“आडात आलं ते पोहऱ्यात आलं.”

मामा गप्प झाले. मीही गप्प झालो, कारण माझी नजर एव्हाना खिडकीतून परसात गेली होती. आडाच्या पलीकडे, मोगऱ्याच्या वेलाआड, एक छोटीशी पांढरी खोली उभी होती.

आता सांगण्याची वेळ आली. सहा वर्षांपूर्वी मामांच्या पंचाहत्तरीच्या तयारीला आम्ही सारी भाचरे-पुतणे जमलो तेव्हा, जुने शौचालय गैरसोयीचे आहे, पाहुणेमंडळींना कमोड पाहिजे, ही कल्पना कोणाची निघाली? माझी. आम्ही वर्गणी काढली. गवंड्याने विचारले, “साहेब, शोषखड्डा कुठं काढू?” मी पुण्याहून फोनवर सांगितले, “जिथं जवळ पडेल तिथं काढा.” जवळ पडली ती जागा आडापासून वीस-बावीस फुटांवर होती, आणि तीही चढाच्या बाजूला. मैल्याचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा हे मी कधी वाचलेच नव्हते. त्या खोलीच्या दारावर ‘सुस्वागतम्’ असे मीच लिहून घेतले होते.

मामांच्या लक्षात हे आले होते की नाही कोण जाणे. ते खुर्चीत बसले होते आणि पुटपुटत होते, “पण खड्डा तर तिकडं लांब…”

तेव्हा मामी बोलल्या. आयुष्यात नवऱ्याला उलट उत्तर दिल्याचे मी कधी ऐकले नव्हते. “अहो, तुम्हीच म्हणत होतासा न्हवं? इथं जिरलेला थेंब तिथं आडात उगवतो. मग आपला उगवायचा न्हाई व्हय?”

सोप्यात कोणी हलले नाही. मामा बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिले. मग एकदम, शाळेत चुकलेले गणित फळ्यावर पुसावे तसा हात फिरवून म्हणाले, “बरोबर आहे. वाक्य माझंच आहे.”

दुसऱ्या दिवशी मला निघायचे होते. तांब्या रिकामा. मामींनी हळूच सुचवले की नळाचे पाणी उकळून भरू, अक्कांना काय कळतंय! मलाही ते पटले. मी पुण्याला आलो, आईने पेला पुढे केला, मी तांब्याची फिरकी काढून पाणी ओतले. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“हे आमच्या आडाचं नव्हे.”

मग सगळे सांगावे लागले. बाटली, खड्डा, कमोड, सगळे. ती रागावेल असे वाटले होते. ती रागावली नाही. उठली, कपाटातून पाकीट काढले आणि मामांनी दरवर्षी घातलेल्या ओवाळणीच्या साठवलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. “यंदा उलटी ओवाळणी,” ती म्हणाली. “खड्डा हलवा.”

पुढचे काम मी फोनवरून पाहिले. पण या वेळी फीत लावून मोजल्याशिवाय कुदळ मारायची नाही असे बजावले. मुंबईच्या एका भावाने विचारले, “आपण तिथं राहणार किती दिवस? कशाला खर्च?” त्याला मी आईच्या नोटांचे सांगितले. त्याचे पैसे संध्याकाळी आले. जुना खड्डा उपसून बुजवला. नवा खड्डा घराच्या खालच्या अंगाला, आडापासून साठ फुटांवर गेला. पंप लावून आड उपसला, गाळ काढला, औषध घातले.

पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट घडली ग्रामसभेत, आणि ती मला मामेभावाने सांगितली. आड तपासायला म्हणून सूनबाई आणि तिच्या मैत्रिणी घरोघर गेल्या तेव्हा लोक दार लावून घेऊ लागले होते. “आमच्या आज्यापंज्यानं प्यालेलं पाणी, तुम्ही काय तपासताय?” सभेत हाच विषय निघाला आणि आवाज चढले. तेव्हा मामा काठी टेकत उभे राहिले. खिशातून ती काळी बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही माझ्या आडाची आहे. आता ज्याला लाज वाटत असंल त्यानं माझ्याकडं बघावं.”

पंचवीस वर्षे ज्यांनी गावाला पाढे शिकवले, त्यांची बाटली काळी निघाली म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. दारे उघडली. आणखी काही बाटल्या काळ्या झाल्या. कोणाचा उकिरडा विहिरीला टेकलेला, कोणी औषध फवारायचा पंप काठावरच धुतलेला, कोणाच्या टाकीचे तोंड सरळ ओढ्यात सोडलेले. महिनाभरात खालच्या गावच्या बायकाही आल्या. तो ओढा पुढे त्यांच्याच शिवारातून जातो. पूर्वी त्या यायच्या त्या भांडायला. “तुमची घाण आमच्याकडं येतीया,” म्हणून. या वेळी त्या बाटल्या घेऊन आल्या. मग असे ठरले की वरच्या गावचे पाणी खालच्या बायकांनी तपासायचे आणि खालच्या गावचे वरच्यांनी. म्हणजे झाकायला जागा नको. ओढ्यात सोडलेली तोंडे एकेक करून शोषखड्ड्यांकडे आणि परसबागांकडे वळली. सगळी नव्हे. दोन घरे अजून ऐकत नाहीत. त्यांतले एक मामांचे व्याही आहेत, म्हणून गावाचे नाव मी सांगत नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायतींच्या पाण्याला कार्डे मिळतात. एप्रिल आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा सर्वेक्षण होते. धोका अधिक तर लाल, मध्यम तर पिवळे, पाणी सुरक्षित तर हिरवे. पाच वर्षे सतत हिरवे राहिले आणि साथ आली नाही तर चंदेरी. ही कार्डे गावाची असतात. घराचे कार्ड कोणी देत नाही. ते ज्याचे त्याने काढायचे असते. हत्तीने पाणी वर चढवले, पण स्वच्छ कोण ठेवी, या मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला एव्हाना सापडले होते. पाणी चढवायला एक सरदार आणि एक हत्ती पुरतो. स्वच्छ ठेवायला वरचे घर, खालचे घर, वरचे गाव, खालचे गाव, सगळी लागतात. आणि त्यांतल्या कोणीतरी पहिली काळी बाटली टेबलावर ठेवावी लागते.

यंदा दसरा होताच मी पुन्हा रहिमतपूरला उतरलो. फिरकीचा तांब्या बरोबर होताच. सूनबाईने बाटली भरून देवळीत ठेवली. एप्रिलमध्ये पाणी खोल गेले होते तेव्हा ती एकदा स्वच्छ राहिली होती. पण पावसाळ्यानंतर जमीन भरलेली असते, खरी परीक्षा तेव्हाची. दोन दिवस मामांनी देवळीकडे पाहिले नाही असे दाखवले आणि रात्री तीन वेळा उठून पाहिले. तिसऱ्या सकाळी बाटली होती तशीच होती.

मामांनी स्वतः रहाट ओढला. माझ्या हातातून पोहरा घेतला, तांब्या भरला. सूनबाईने त्यात औषधाचे दोन थेंब टाकले. “प्रवासाचं पाणी हाय,” ती म्हणाली. मामांनी तोंड वाकडे केले, पण अडवले नाही.

पुण्याला आईने पेला पुढे केला. मी पाणी ओतले आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. तिने घोट घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

“औषधाचा वास येतोय,” ती म्हणाली.

“अगं, सूनबाईनं दोन थेंब…”

“येऊ दे. आडावर कुणाचं तरी लक्ष आहे म्हणायचं.” तिने पेला संपवला, पदराला हात पुसला आणि रिकामा तांब्या माझ्याकडे सरकवला. “नीट ठेव. पुढच्या वर्षी लागेल.”